चिनी वीणा, माप परतूरचं

परतूरला मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न कधी करणार हेसुद्धा विचारलं नाही. शाळेत हिंदी शिकवायला आलेली एकटी बाई म्हटल्यावर हे प्रश्न स्टेशनपासून तिथपर्यंत भेटलेल्या प्रत्येकानं विचारून झाले होते. हे गृहस्थ मात्र खोलीच्या मधोमध उभे राहिले, छताकडे बोट केलं आणि म्हणाले,

"बाई, खोली तुमची. नळ हाय, लाइट हाय. अट एकच. जेवणाच्या टायमाला तासभर ही ट्यूबलाइट लावायची न्हाई."

"का बरं?"

"पेकिंग लागत न्हाई मंग."

मी हो म्हणून टाकलं. एक तर दुसरी खोली मिळत नव्हती आणि दुसरं म्हणजे त्यांच्या मागे दारात त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. ज्या घरातली बाई नवऱ्याकडे बघून अशी हसते तिथे राहायला भिण्याचं कारण नसतं, असं माझ्या आईचं मत होतं आणि ते पुढे खरं ठरलं.

जालना जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. टीव्ही परतुरात चार-दोन घरांत. बाकी सगळे रेडिओवर. पण गावाचा रेडिओ वेगळा आणि आमच्या घरमालकांचा वेगळा. ते रोज चीनच्या रेडिओचं हिंदी प्रसारण ऐकत. ट्यूबलाइट लागली की त्या प्रसारणात भुंगा शिरल्यासारखी घरघर येई, म्हणून माझ्यावर ती बंदी. पहिले सहा महिने मी पिवळ्या बल्बखाली वह्या तपासत पेकिंगला शिव्या घातल्या. नंतर मीही त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. गाव त्यांना पेकिंगवाले म्हणे. मी मामा म्हणत असे आणि त्यांच्या बायकोला मामी.

मामा मोंढ्यात मापाडी होते. कापूस असो की ज्वारी, काट्यावरचं माप त्यांनी सांगितलं की शेतकरीही मान हलवायचा आणि व्यापारीही. अंगानं किरकोळ, टोपीसकट मामींच्या खांद्याला लागत. मोंढ्यातला रिवाज असा की पोती मोजताना पहिल्या पोत्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. मामा हा रिवाज मोंढ्याबाहेरही चालवत. चहात साखर घालताना पहिल्या चमच्याला लाभ. ओटा चढताना पहिल्या पायरीला लाभ. कुणाकडे पहिलं मूल झालं तर बारशाला जाऊन पाळण्यात वाकून "लाभ" म्हणायचे. दुसरं झालं की नुसतं "दोन" म्हणून पेढा उचलायचे.

हवामान त्यांना दोन ठिकाणचं माहीत असे. परतुरात मेमध्ये डांबर वितळत असताना ते मला सांगत, "पेकिंगला आज मस्त गार वारं सुटून राह्यलं, बाई." आणि खरंच जरा बरं वाटल्यासारखं तोंड करत. हिंदीत बातम्या देणारी जी चिनी बाई होती तिला ते 'आपली बाई' म्हणत, बहिणीचं सांगावं तसं तिचं सांगत. तिला सर्दी झाली तर यांना आवाजावरून कळे. मामी भाकरी थापता थापता विचारत, "काय म्हनून राह्यल्या आज वन्सं?" मामींनी न बघितलेल्या त्या नणंदेला एकदा संक्रांतीचा तिळगूळही पोस्टानं गेला होता.

एका गोष्टीवर मात्र घरात थट्टा चालत नसे. आपलं नाव पेकिंगहून ऐकू यावं, ही मामांची आस होती. दर रविवारी तिकडे श्रोत्यांची पत्रं वाचत आणि पत्र लिहिणाऱ्यांची नावं सांगत. मामा कित्येक वर्षं पत्रं टाकत होते. एकदा त्यांचं नाव आलंही, पण बाईंनी "श्री" म्हटलं आणि तेवढ्यात जी खरखर सुरू झाली ती थेट "परतूर से" या शब्दांवर थांबली. मोंढ्यातल्या हमालांना आयतंच सापडलं. मामा दिसले की एकानं "श्री" म्हणायचं, बाकीच्यांनी तोंडानं खर्रर्र करायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून "परतूर से!" मामाही हसायचे. पण घरी आल्यावर मला म्हणायचे, "एकबार साफ ऐकू यावं, बाई. बिलकुल साफ. मंग मी काय मागत न्हाई."

रेडिओची तार अंगणातल्या कडुलिंबाच्या शेंड्याला बांधलेली होती. मामी तिच्यावर लुगडी वाळत घालत आणि मामा ओरडत, "अवं, पेकिंग वलं होतंय!" दर वर्षी तिकडून पाकिटं येत. कागद कातरून केलेली फुलपाखरं, तिकिटं आणि एक कॅलेंडर. एका वर्षीच्या कॅलेंडरात मे महिन्याच्या पानावर मांडीवर उभी वीणा धरलेली एक चिनी बाई होती. नासपतीच्या आकाराचं पोट, चार तारा, वर मागे वळलेली मान. मामांनी ते पान बघितलं आणि उलटलंच नाही. आमच्या घरात ते वर्ष संपेपर्यंत मेच होता. दिवाळीसुद्धा आम्ही मेमध्ये केली.

त्या वाद्याचं तिकडचं नाव पिपा. पण परतुरात पिपा म्हटलं की रॉकेलचाच डोळ्यांपुढे येणार, म्हणून मामांनीच तिला चिनी वीणा म्हणायचं ठरवलं. तिचे सूर रेडिओवर अधूनमधून लागत. मामा तेव्हा डोळे मिटून घेत आणि मामींचा भाकरीवरचा हात आपोआप हळू पडे. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्याचा काही अर्थ लावला नव्हता.

मग वळवाच्या वादळात लिंब पडला. मुळासकट, तारेसकट. मामा दोन दिवस अंगणात त्या खोडाशेजारी घरातलं कुणी गेल्यासारखे बसले होते. तिसऱ्या दिवशी सरपणाला गिऱ्हाईक आलं, तेव्हा उठून उभे राहिले.

"ह्यो इकायचा न्हाई. इतकी वर्सं पेकिंग ह्याच्यावरून खाली उतरलं. गाणं मुरलंय ह्याच्यात. ह्याची मी वीणा करणार."

मामी म्हणाल्या, "करा. पन ढलप्या मला चुलीला द्या."

चित्रात वीणेची पाठ दिसत नव्हती. मामांनी पत्र टाकून विचारलं. महिन्या-दोन महिन्यांनी उत्तर रेडिओवरून आलं, की पाठ एकाच लाकडाची, आतून कोरून काढलेली असते आणि तोंडावर हलक्या लाकडाची फळी बसवतात. उत्तर चांगलं सविस्तर होतं. फक्त सुरुवातीला बाई म्हणाल्या, "महाराष्ट्र के एक श्रोता पूछते हैं." मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

लाकूड आधी वाळायला हवं. ते वाळलं हे ओळखायची मामांची रीत त्यांची स्वतःचीच होती. खोडाचा तुकडा त्यांनी मोंढ्यात नेऊन ठेवला आणि रोज संध्याकाळी काटा मोकळा झाला की त्यावर तो तोलायचे. घरी येऊन सांगायचे, "आज इतकं पानी गेलं." पावसाळ्यात वजन पुन्हा वाढलं तेव्हा ते असे खट्टू झाले की मामींनी मुद्दाम पुरणपोळी केली. पुढच्या उन्हाळ्यात वजन उतरायचं थांबलं. "वाळलं!" म्हणत ते मोंढ्यापासून घरापर्यंत लाकूड डोक्यावर घेऊन नाचत आले.

आता माप. ज्या माणसाचं माप अख्ख्या तालुक्यात चुकत नव्हतं, तो चित्रावरून माप कसं काढणार, याची मलाही उत्सुकता होती. मामांनी चित्रातल्या बाईचा पंजा दोऱ्यानं मोजला. मग वीणा किती पंजे लांब, किती पंजे रुंद, मान किती पंजे, हे सगळं मोजलं. राहिला खऱ्या बाईचा पंजा. मी आपला हात पुढे केला.

मामांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "हा खडूचा हात, बाई. हा न्हाई चालायचा." मग मामींना हाक मारली. "अवं, ऐकून राह्यली का? हात धू अन् हिकडं ये."

मामी म्हणजे जाफराबादकडच्या धनगराची लेक. बापामागे मेंढरांबरोबर उन्हातान्हात वाढलेली. उंच, रुंद, आणि हात असा की तिची एक भाकरी मला दोन वेळा पुरायची. तो हात वर्तमानपत्रावर पसरला गेला आणि मामांनी पेन्सिलीनं भोवती रेघ मारली. जगातल्या सगळ्या बायकांचा हात आपल्या बायकोच्या हाताएवढाच असतो, याबद्दल त्यांच्या मनात तीळभरही शंका नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं होतं. पण एका नवऱ्याला असं कसं सांगायचं, म्हणून मिटून घेतलं.

चार महिने अंगणात ठोकाठोक चालली. मामांनी वाकस, पटाशी, कानस सगळं सुताराकडून मागून आणलं, आणि सुतार स्वतः मदतीला आला तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवलं. वरची फळी पांगाऱ्याची, पडदे बांबूचे, तारा औरंगाबादच्या एका वाद्याच्या दुकानातून आणलेल्या. सरस उकळला की आख्खी गल्ली नाकाला फडकं लावून फिरे. मामींना ढलप्या मिळत होत्या, त्यांची काही तक्रार नव्हती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोंढा बंद होता. मामांनी सगळ्या हमालांना बोलावलं. अंगणात बाज टाकली, धुतलेली टोपी घातली, आतून वीणा आणली आणि मांडीवर उभी धरली.

त्यानंतर मामा दिसेनासे झाले.

वीणेच्या वर टोपीचं टोक होतं आणि खाली दोन पाय. डावा हात मानेवर वर नेला तर उजवा तारांपर्यंत पोचत नव्हता. उजवा पोचवला तर डावा अर्ध्यातच लोंबत होता. एका पडद्यावरून दुसऱ्यावर जायला त्यांच्या बोटांना मुक्काम करावा लागला असता. हमालांनी आधी तोंडं दाबून धरली. मग एक जण हळूच "श्री" म्हणाला, दुसऱ्यानं खर्रर्र केलं आणि अंगणात हसण्याचा जो धुमाकूळ झाला, त्यात मीही होते.

मामा वीणेमागून बाहेर आले. चेहरा उतरला होता. मापाड्याचं माप चुकलं होतं, तेही चारचौघांत. "करवत आना," ते म्हणाले. "मान कापून टाकतो हिची हातभर."

"अवो, थांबा की जरा, च्या सांडंल." मामी कपांचं ताट घेऊन आल्या होत्या. ताट त्यांनी माझ्या हातात दिलं, वाटेतली वीणा उचलली आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून बाजेवर बसून मांडीवर घेतली.

वीणा बसली. चित्रातल्यासारखी, तंतोतंत. मान मामींच्या खांद्याशी टेकली, डावा हात सरळ वरच्या पडद्यावर गेला, उजवा अलगद तारांवर आला. मामी स्वतःच दचकल्या. मग त्यांनी अंगठ्यानं एक तार छेडली. कापूस वेचून दगड झालेली नखं ती. आवाज असा खणखणीत निघाला की हसणारे गप्प झाले. मामींनी दुसरी तार छेडली, तिसरी छेडली, पडद्यावर बोट वर-खाली करून बघितलं. रोज भाकऱ्या थापताना कान जे ऐकत आले होते ते बोटं शोधत होती. चहा गार झाला तरी कुणी कप उचलला नाही. चिनी गाणं काही त्यांना सापडलं नाही, पण शोधता शोधता जात्यावरच्या ओवीची चाल सापडली आणि त्या हळू आवाजात म्हणू लागल्या,

दारीचा गं माझा लिंब, वादळानं पाडियेला
हौशा गं माझ्या कंथानं, त्यातून सूर काढियेला

ओवी त्यांनी तिथल्या तिथे जुळवली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी चुलीच्या धुरावर ढकललं. मामा मात्र बाजेभोवती उड्या मारत होते. "बघा! बराबर हाय का न्हाई माप? माप चुकलंच नव्हतं! मीच चुकीच्या मांडीवर ठिवलं व्हतं!"

त्या दिवसापासून मामी वाजवायच्या आणि मामा तारा लावायचे. लाभ, दोन, तीन, चार असं म्हणत कान लावून खुंट्या पिळायचे. शेवटी त्यांच्या डोक्यात आलं, की हे पेकिंगला ऐकवलं पाहिजे. शाळेतला टेपरेकॉर्डर मी मागून आणला. एका दुपारी कोंबड्या डालल्या, शेजारच्यांना गप्प बसवलं आणि मामी वाजवायला लागल्या. सगळं छान चाललं होतं आणि नेमकी परभणीकडची गाडी शिट्टी मारत गेली. मी टेप बंद करायला गेले.

मामांनी माझा हात धरला. "राहू द्या. त्यांना परतूर कळू द्या."

कॅसेटबरोबर पत्र गेलं. पत्र मामांनी स्वतःच्या हातानं हिंदीत लिहिलं आणि मला तपासायला दिलं. वीणा कशी केली, लाकूड कुठलं, कसं तोललं, सगळं होतं. वाजवलं कुणी, तेवढं नव्हतं.

"मामींचं नाव राहिलं," मी म्हणाले.

मामा एकदम कावरेबावरे झाले. "बायकूचं नाव कुठं घेतेत का, बाई? लोकं काय म्हनतील?"

"नका टाकू बाई," आतून मामीच म्हणाल्या. "मला काय करायचंय नावाचं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं ज्या बाईच्या हातची भाकरी मी खाल्ली तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. मामा 'अवं' म्हणत, मामी 'अवो' म्हणत, आणि बाकीच्यांनी मामी, काकू, वहिनी म्हणायचं. पत्र तसंच गेलं.

त्यानंतरचे रविवार मोठे कठीण गेले. सुरुवातीला हमाल येत, अंगण भरे. मग हळूहळू गर्दी पांगली. शेवटी आम्ही तिघं आणि दोन-तीन निष्ठावंत हमाल उरलो. आणि अशाच एका रविवारी, आभाळ निरभ्र, एकाही घरात ट्यूबलाइट लागलेली नाही, आपल्या बाई बोलल्या. आधी परतूर आलं. मग "श्री". खरखर आलीच नाही. मामांचं नाव आलं, वडिलांचं आलं, आडनाव आलं, एकेक अक्षर पाण्यात धुतल्यासारखं. "आपने यह पिपा स्वयं बनाया है, और स्वयं बजाया है."

मग मामींची वीणा सुरू झाली. पेकिंगला जाऊन आलेली. मध्येच गाडीची शिट्टी वाजली आणि हमाल ओरडले, "आपली गाडी! आपली गाडी!" दोघांनी मामांना खांद्यावर उचललं. गल्लीतली माणसं धावत आली. इतकी वर्षं ज्याच्यासाठी कान लावून बसले होते ते मामांना मिळालं होतं, बिलकुल साफ. मी त्यांच्याकडे बघितलं, तर माणूस खांद्यावर बसून हातपाय झाडत होता.

"खाली ठिवा! खाली ठिवा मला जल्दी!"

त्यांनी खाली ठेवलं. मामा रेडिओसमोर जाऊन उभे राहिले आणि रेडिओवरच ओरडले, "मी न्हाई वाजवलं, बाई! तुमी चुकून राह्यल्या! सोजरनं वाजवलं! माझ्या सोजरनं!"

रेडिओवर वीणा चालूच होती. मामी चुलीपुढे पिठाच्या हातांनी तशाच बसलेल्या. "अवो, नाव काय घेता चारचौघांत!" म्हणत त्यांनी डोक्यावरून पुढे ओढलेल्या पदराला पीठ लागलं. पण पदराआड त्या कशा हसत होत्या ते मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधी मामा तिथे उभे होते. दुरुस्तीचं पत्र गेलं. पुढच्या आठवड्यात आणखी एक. आणि मामांची भीड जी चेपली ती चेपलीच. मोंढ्यात हमालानं "श्री" म्हणायचा अवकाश, हे गरजायचे, "श्री न्हाई, श्रीमती! सोजर!" घरातही आता 'अवं' संपलं. दिवसभर "सोजर, पानी" आणि "सोजर, माझी टोपी". मामी कंटाळून मला म्हणाल्या, "बाई, हेंला आता हे नाव इसरायला शिकवा."

दुरुस्ती काही रेडिओवर येईना आणि तेवढ्यात माझी बदली जाफराबादला झाली. निघताना मामींनी भाकऱ्या बांधून दिल्या. मामांनी एसटीच्या खिडकीशी येऊन सांगितलं, "रेडिओ घ्या, बाई. अन् ट्यूबलाइट..."

"नाही लावणार," मी म्हणाले.

रेडिओ मी पहिल्या पगारात घेतला. जाफराबादच्या खोलीतही ट्यूबलाइट होती. रविवारी जेवणाच्या वेळेला मी ती बंद करून बसायची. शेजारीण विचारायची, बाई, बिल वाचवता का? मी हो म्हणायची. सांगायला बसले असते तर तास गेला असता.

असेच किती रविवार गेले, मी मोजले नाहीत. पावसाळी हवा होती, रेडिओ नुसता तडतडत होता. बाई पत्रं वाचत होत्या. परतूर ऐकू आलं आणि मी कान जवळ नेला. "श्री" म्हणाल्या आणि लागली खरखर. मामांचं नाव गेलं, वडिलांचं गेलं, आडनावही गेलं. पूर्वीसारखंच. मी रेडिओवर थाप मारली, काटा इकडेतिकडे केला. आणि मग खरखर थांबली, एक-दोन वाक्यांपुरतीच, पण अगदी साफ.

"...श्रीमती सोजर ने बजाया था. हमें क्षमा करें, सोजर जी."

तिकडे परतूरच्या अंगणात त्या क्षणी काय गोंधळ उडाला असेल, कोण कुणाला उचलून नाचत असेल, ते मला इथे बसून दिसत होतं. अंधारात मी एकटीच होते. मोठ्यांदा म्हणाले, "लाभ!"